बारमाही घटस्थापना

घटपर्णी पाळणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. मांजरवाल्याच्या पँटीला केस चिकटलेले असतात, गुलाबवाल्याच्या बोटांवर ओरखडे असतात. ह्याच्या अंगावर अशी काही खूण नसते. बँकेच्या कॅश काउंटरवर उमेदीची वर्षं काढलेला, चष्मेवाला, शाकाहारी, संकष्टी न चुकवणारा गृहस्थ. फक्त शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पेनाएवढंच एक यंत्र असतं. तुमच्याकडे आल्यावर तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात की तो ते काढतो, टोपण उघडून पाण्यात बुडवतो, आकडा बघतो आणि गंभीरपणे म्हणतो, "दोनशे दहा." मग तेच पाणी घटाघटा पिऊन टाकतो.

"पाणी खराब आहे का हो?" तुम्ही धास्तावून विचारता.

"छे छे, आपल्याला उत्तम आहे. आमच्याकडच्यांना नाही चालणार."

आमच्याकडचे म्हणजे गॅलरीतले. ते यंत्र पाण्यातले क्षार मोजतं. घटपर्णी मूळची निकस जमिनीतली. तिथे नायट्रोजनचा कायमचा दुष्काळ, म्हणून तर बिचारीवर किडे धरायची वेळ आली. तिच्या मुळांना क्षारांची सवय नाही. नळाचं जड पाणी घालत राहिलात तर हळूहळू पानांच्या कडा करपतात आणि नवे घट धरायचे थांबतात. आकडा पन्नासच्या आत हवा, असा ह्या पंथाचा नियम आहे. असं पाणी तीन ठिकाणी मिळतं: ढगातून, एसीच्या नळीतून आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणून ठेवलेल्या कॅनमधून. त्यामुळे जुलैत ह्याची पिंपं गच्चीवर लागतात, मार्चमध्ये ह्याच्या बादल्या शेजाऱ्यांच्या एसीखाली लागतात, आणि मे महिन्यात वीज गेली की ह्याच्या घरचा इन्व्हर्टर दोन मिनिटांत मान टाकतो. बॅटरी कोरडी असते. गॅलरी टवटवीत असते.

डोंबिवलीच्या ज्या सोसायटीत मी ह्या जातीचा नमुना जवळून पाहिला, तिथे पोरं त्याला घटोत्कच म्हणतात. त्याला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, नवरात्रात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे घट बसतात का हो?" वहिनी म्हणाल्या, "बसतात कसले, उठतच नाहीत."

ह्या माणसाला पाहुणे फार प्रिय. पण पाहुणा गॅलरीत पाऊल ठेवल्या ठेवल्या दोन वाक्यं बोलतो आणि दोन्ही वाक्यांनी ह्याचं रक्त उकळतं. पहिलं वाक्य, "अय्या, किती छान फुलं!" ती फुलं नाहीत. ते पान आहे. पानाच्या टोकाचा तंतू लांबतो, खाली झुकतो, त्याचं टोक फुगतं आणि त्याचा घट होतो. फुलं वेगळी, बारीक, तुऱ्यावर येतात आणि ती बघायला कोणी कधी तिकीट काढून येणार नाही. दुसरं वाक्य त्याहून वाईट. "किडा आत गेला की झाकण बंद होतं ना?"

नाही. झाकण बंद होत नाही. घट एकदा उघडला की त्याच्या जन्मात झाकण पुन्हा मिटत नाही. ते पावसाचं पाणी आत पडून रस पातळ होऊ नये म्हणून असतं, आणि त्याच्या पोटाला मध सुटतो तो गिऱ्हाईक बोलवायला. हे सांगताना त्याचा आवाज चढतो. शाळेत कोणीतरी कधीतरी व्हीनस फ्लायट्रॅपचं आणि घटपर्णीचं एकत्र चित्र दाखवलं आणि तेव्हापासून अख्खा महाराष्ट्र त्या झाकणाची वाट बघत उभा आहे. पाहुण्यांचा मुलगाही गॅलरीत उभा असतो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मुंगी कडेवरून चालते, मध चाटते, निघून जाते. मुलगा म्हणतो, "काका, हे बंद पडलंय."

बंद पडलेलं नसतं. सगळी गंमत त्या निघून गेलेल्या मुंगीतच आहे. घटाची कडा कोरडी असते तेव्हा मुंगीचे पाय तिच्यावर ठरतात. दमट हवेनं किंवा पावसानं ती ओली झाली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मुंगीचा पाय थेट घसरतो; हे २००४ साली बोन आणि फेडरले ह्या दोन संशोधकांनी नीट मोजून दाखवलं. म्हणजे दुपारी आलेली पहिली मुंगी खाऊन-पिऊन सुखरूप घरी जाते, चार जणींना सांगते, त्या चाळीस जणींना आणतात आणि तोवर कडा ओली झालेली असते. आपल्याकडचे चिटफंडवाले पहिल्या हप्त्याला व्याज वेळेवर का देतात, ते हे झाड बघितलं की कळतं. खाली पडलेल्यांना आतल्या मेणचट भिंतीवरून वर चढता येत नाही. तळाशी पाचकरस असतो. बाकीचं काम सावकाश चालतं. पण 'सावकाश' हा शब्द दहा वर्षांच्या मुलाला कसा समजावणार? तोवर तो हॉलमध्ये जाऊन कार्टून लावून बसलेला असतो.

शिवाय गॅलरीत किडे असायला हवेत ना. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची माणसं येतात त्या दिवशी हा सुतकात असतो. जिन्यात फवारणी होऊ देतो, स्वतःच्या दाराशी मात्र हात आडवा करतो. मग फिशटँकच्या दुकानातून वाळवलेल्या अळ्यांची डबी येते. ह्या घरात अंडं शिजत नाही, चातुर्मासात कांदा येत नाही, आणि गॅलरीतल्या कपाटात अळ्यांची डबी व तिचा स्वतंत्र चिमटा असतो. दर रविवारी अंघोळ करून, पूजा आटोपून हा एकेका घटात एकेक चिमूट सोडतो आणि परत हातपाय धुतो. रात्री स्वयंपाकघरात झुरळ निघालं की इतर घरांत किंकाळी उठते, इथे आनंदानं हाक येते, "मारू नकोस गं, जिवंत हवंय!" वहिनींनी ह्या वाक्याची इतकी वर्षं सवय केली आहे की माहेरी झुरळ दिसलं तरी त्या आधी वाटी शोधतात.

"मटण घातलं तर चालेल का?" हा प्रश्न एक तरी पाहुणा विचारतोच. उत्तर एका शब्दाचं आहे, पण तो इतिहासात शिरतो. लंडनच्या क्यू उद्यानाचे जोसेफ हूकर ह्यांनी घटांत अंड्याचा पांढरा बलक आणि कच्च्या मांसाचे तुकडे घालून बघितले होते, आणि १८७४ साली बेलफास्टच्या सभेत हे झाड खरोखर पचन करतं असं मांडलं होतं. पुढच्याच वर्षी डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं. "मग आम्ही घालू का?" "नको. सडेल. हूकरसाहेबांकडे घट भरपूर होते."

त्याच्या आयुष्यातला सर्वांत बिकट प्रसंग मात्र पाहुण्यांमुळे आला नाही. पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरतात. कुंडीखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, पिंपं. त्यातला एक जण ह्याच्या गॅलरीत आला आणि थबकला. समोर रांगेनं टांगलेले चाळीस-पन्नास घट, प्रत्येकात पाणी.

"काका, हे पाणी साठवलंय."

"ते पाणी नाही. पाचकरस आहे."

"ह्यात डास होतात का?"

दुसरा कोणीही 'नाही' म्हणाला असता आणि सुटला असता. ह्याचा पिंड तसा नाही. "आमच्याकडे अजून दिसले नाहीत," तो म्हणाला. "पण जंगलात होतात. काही डासांच्या अळ्या ह्या रसात आरामात राहतात, पचत नाहीत. उत्तर अमेरिकेत सारासेनिया पर्प्युरिया म्हणून वेगळ्या कुळातली घटवाली वनस्पती आहे. तिच्या घटात वायोमाया स्मिथाय नावाचा डास जन्मतो, जगात दुसरीकडे कुठेच जन्मत नाही. चहा घेणार का?"

त्या माणसानं वहीत एवढंच लिहिलं: डास होतात. पुढे पुष्कळ रदबदली झाली. दर आठवड्याला ड्रॉपरनं प्रत्येक घटातला रस तपासीन आणि नोंद ठेवीन, असं ह्याच्याकडून लिहून घेतलं. घेणाऱ्याच्या मते ती समज होती. ह्याला तो शास्त्रीय कामाचा अधिकृत आदेश वाटला. वही तयार आहे, रकाने आखलेले आहेत, आणि त्या खात्याकडून ती बघायला अद्याप कोणी आलं नाही ह्याचं त्याला वाईट वाटतं.

आता जातींविषयी. घटपर्णीच्या, म्हणजे नेपेन्थिस ह्या एका वंशात दीडशेहून जास्त जाती आहेत. बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सच्या बाजूला. एखादी श्रीलंकेत, एखादी सेशेल्समध्ये, दोन मादागास्करात. ह्या माणसाच्या लेखी सगळ्या सारख्या नाहीत. त्याच्याकडे जातिव्यवस्था आहे आणि ती फार कडक आहे. सर्वांत खाली व्हेंट्राटा, फिलिपिन्समधल्या जातींचा संकर, नर्सरीत हमखास मिळणारा, मरता न मरणारा. त्यावर सखल प्रदेशातल्या जाती, म्हणजे मुंबई-कोकणची उष्ण दमट हवा ज्यांना मानवते त्या. बायकॅल्कराटाला झाकणाखाली दोन सुळे असतात आणि तिच्या पोकळ तंतूत मुंग्यांचं बिऱ्हाड असतं. त्या मुंग्या पाचकरसात सूर मारून जड शिकार बाहेर ओढतात. हेम्सलेयानाच्या घटात बोर्निओतली छोटी वटवाघळं दिवसा झोपायला येतात आणि भाड्यापोटी विष्ठा ठेवून जातात. ॲम्प्युलेरियाचं झाकण मागे वळलेलं, तोंड आकाशाकडे. वरून पडणारा पालापाचोळा ती पचवते. सासूबाई राहायला आल्या की हा तिलाच पुढे आणून ठेवतो. "आई, ही आपल्यातली आहे."

सर्वांत वर पर्वतावरच्या जाती, आणि त्यांतही लोवी हा त्याचा जीव की प्राण. मेव्हण्याच्या मुलीच्या केळवणाला त्यानं लोवीची गोष्ट सांगितली, त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या घरात अजून तो विषय निघतो. पानात श्रीखंड पडत होतं. लोवी बोर्निओतल्या किनाबालू डोंगराच्या बाजूची, तो सांगत होता. तिचे वरचे घट फारसे किडे धरतच नाहीत. तिच्या झाकणाच्या पोटाला लोण्यासारखा पांढरा पदार्थ सुटतो. तो चाटायला खारीएवढं ट्री श्रू नावाचं जनावर येतं, घटाच्या कडेवर बरोब्बर बसतं, चाटता चाटता खाली आपला कार्यभाग उरकतं आणि निघून जातं. २००९ साली मोजलं तेव्हा पानातला निम्म्याहून अधिक नायट्रोजन ह्याच मार्गानं आलेला निघाला. "म्हणजे शिकार सोडली, संडास काढला आणि सुखी झाली!" असं म्हणून त्यानं आनंदानं श्रीखंडाची वाटी तोंडाला लावली. पंगतीत ती एकच वाटी उचलली गेली.

त्याच जेवणात त्यानं वॉलेसचीही गोष्ट सांगितली म्हणतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस मलायातला माउंट ओफिर चढत असताना पाणी संपलं, तेव्हा तो आणि त्याचे सोबती घटपर्णीच्या घटातलं पाणी प्यायले. किडे तरंगत होते, पाणी कोमट होतं, पण चवीला बरं लागलं. "आणि किती भरलं ते?" नवरदेवानं विचारलं. "काय?" "यंत्रावर." एवढं एकच वाक्य बोलून त्या मुलानं सासरी कायमचं स्थान मिळवलं.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. घटपर्णीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पान बघून कळत नाही, फूल यावं लागतं आणि फुलायला काही वर्षं जातात. ह्या माणसाच्या गॅलरीत तुरा आला की अख्ख्या पंथात फोनाफोनी होते. मुलगा झाला की मुलगी? मुलगा असेल तर पराग बटर पेपरच्या पुडीत, पुडी डबीत, डबी फ्रीझरमध्ये, मटारच्या पाकिटाशेजारी. मग कोचीच्या किंवा बंगळूरच्या कोणाकडे मुलगी फुलली की कुरिअर. घराणं बघतात, आई कोण, बाप कोण, तो बाप तरी शुद्ध आहे की संकर. चेल्सीच्या व्हीच नर्सरीत जॉन डॉमिनी नावाच्या माळ्यानं असा पहिला जुळवून आणलेला संकर करून १८६२ साली प्रदर्शनात मांडला होता. तेव्हापासून ही स्थळं बघणं चालू आहे. स्वतःच्या मुलाचं लग्न मुलानं आपलं आपण ठरवलं तेव्हा हा म्हणाला, "बरं झालं, मला तेवढा वेळही नव्हता."

रात्री त्याच्या गॅलरीत निळसर उजेड दिसतो. शेजाऱ्यांनी आधी वेगळीच शंका घेतली. तो बँकेतला खोट्या नोटा ओळखायचा अतिनील दिवा आहे. केरळात पालोडच्या वनस्पती उद्यानातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की ह्या प्रकाशात घटाची कडा निळी चमकते. इतकी वर्षं नोटांवर धरलेला दिवा हा आता घटांवर धरतो आणि खरी कोण, खोटी कोण हे बघून झोपायला जातो.

ह्या माणसाचं झाडांवर प्रेम आहे असं लोक समजतात. मला तसं वाटत नाही. त्याचं प्रेम झाडाच्या अडचणीवर आहे. जे झाड सुखानं वाढतं त्याच्याकडे तो ढुंकून बघत नाही. व्हेंट्राटा वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली, एसीच्या बादलीतलं उरलंसुरलं पाणी तिला मिळतं, आणि घटांचं झुंबर खिडकीभर लोंबतंय. तो तिथून जाताना म्हणतो, "ही काय, कुठेही येते." त्याचा डोळा सुलावेसीच्या हमाटावर, जिच्या घटाच्या कडेला आकड्यांची रांग असते आणि जिला रात्री पंधरा अंशांच्या खाली हवा लागते. डोंबिवलीत मे महिन्याच्या रात्री पंधरा अंश कुठे मिळणार? फ्रिजात. वाइन ठेवायचा काचेचा छोटा फ्रिज ह्या निर्व्यसनी घरात आहे. त्यात बारका दिवा, बारका पंखा आणि करंगळीएवढं हमाटाचं रोप. वहिनी बाहेर पंख्याखाली घाम पुसतात. आत महाबळेश्वर चालू असतं. विजेचं बिल आलं की तो ते यंत्राच्या आकड्याइतकंच शांतपणे वाचून बाजूला ठेवतो.

आणि सगळ्या स्वप्नांच्या वर किनाबालूचा राजा. ह्यू लो ह्याला तो १८५८ साली डोंगरावर सापडला. हूकरनं पुढच्या वर्षी त्याला सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक ह्याचं नाव दिलं. घट ४१ सेंटिमीटरपर्यंत उंच मोजलेला आहे, आत साडेतीन लिटर मावतात, क्वचित उंदीर बुडालेला सापडतो. व्हीचच्या नर्सरीनं माणसं पाठवून तो लंडनला नेला, पण तिथेही तो मनासारखा वाढला नाही. हे ऐकून ह्याला धीर येतो. साम्राज्याला जमलं नाही ते मला जमत नाही, त्यात लाज कसली!

गंमत म्हणजे भारतात रानात उगवणारी नेपेन्थिसची जात एकच: खासियाना, मेघालयातली. सह्याद्रीत किडे खाणाऱ्यांपैकी दवबिंदू आहे, सीतेची आसवं आहेत, कासच्या पठारावर सप्टेंबरात लोक फुलांच्या गालिच्याचे फोटो काढत असताना हा पालथा पडून चिकट दवबिंदूवर अडकलेलं चिलट बघत असतो. पण घटपर्णी नाही. म्हणून एलटीसी काढून तो सहकुटुंब मेघालयात गेला. घरच्यांनी चेरापुंजीचे धबधबे बघितले. ह्यानं जयंतिया टेकड्यांतलं जराइन बघितलं आणि पुढे गारो टेकड्यांत बाघमाराचं घटपर्णीसाठी राखलेलं अभयारण्य, जे तीन हेक्टरही नाही. खाणी, झूम शेती आणि उपटून विकणारे लोक ह्यांतून तिथे जे उरलं आहे ते बघून तो दोन दिवस बोलला नाही, असं वहिनी सांगतात. खासियाना आणि राजा ह्या दोघींनाच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत जागा आहे. शिवाय आपल्या वन्यजीव कायद्यानुसार खासियाना परवान्याशिवाय लावतासुद्धा येत नाही. म्हणजे बोर्निओच्या, सुमात्राच्या, फिलिपिन्सच्या लेकी ह्याच्या गॅलरीत नांदतात, आणि घरची एकुलती एक तेवढी नाही. कॅश काउंटरवर एक रुपया इकडचा तिकडे न केलेला माणूस आहे. तिथून त्यानं फोटोंखेरीज काही आणलं नाही. ह्या पंथात असे सगळेच नसतात, आणि जे नसतात त्यांच्याशी तो पराग देत-घेत नाही.

तेव्हा असा कोणी तुमच्या ओळखीत निघाला तर त्याच्याकडून व्हेंट्राटाची फांदी मागून घ्या. तो हसत देईल, वर एक उपदेशही देईल. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट, सकाळचं ऊन, पावसाचं पाणी. खत नाही, मटण नाही. मुंग्या आपल्या आपण पत्ता काढतात. रानातून उपटून आणलेलं रोप कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, फांदीचं किंवा टिश्यू कल्चरचं आहे का ते विचारा. आणि त्यानं जेवायला बोलावलं तर अवश्य जा, वहिनींच्या हाताला चव आहे. फक्त गॅलरी पानं मांडण्याआधी बघून घ्या, आणि गोडाला श्रीखंड असेल तर लोवीचा विषय काढू नका.